गडग्याकडेची कर्दळ

पडदा वर जातो. डावीकडे मिठबावचा समुद्र, उजवीकडे मुंबईच्या शेटचा नवा बंगला आणि मधोमध, दगडी गडग्याच्या कडेला उकिडवा बसलेला आमचा शेजारी बाबली. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, पाऊस नुकता संपलेला. होडीच्या दोरात सापडून त्याचा उजवा हात निकामी झाला होता. समुद्र बंद, म्हणून ही रखवालीची नोकरी, तीही कच्ची. शेटने बजावलं होतं, "गडग्यालगत लाल-पिवळी कर्दळ लाव. शिमग्याला पाहुणे घेऊन येतो. फुलं दिसली तर नोकरी पक्की."

बाबलीने डाव्या हाताने चर खणला, कट्टा गावच्या बाजारातून आणलेले गड्डे पुरले. पौषात कर्दळ गुडघ्याएवढी झाली, पण कळीचा पत्ता नाही. त्याची बायको हौसाबाई मासे विकून परतताना रोज गडग्यावरून डोकावायची.

"अवो, फुलांका तार करूची काय?"

"हस गो, हस! नोकरी गेली काय तूच रडतलंस."

मग त्याने, माडाला घालतात तसं, प्रत्येक मुळाशी मूठभर मीठ आणि खाऱ्या मासळीची घाण घातली. मला मुद्दाम नेऊन दाखवलं. मीही शाबास म्हटलं. आम्हा नाटकवाल्यांना कर्दळीतलं काय कळणार!

आठवड्यात पानांच्या कडा करपल्या, पंधरवड्यात अख्खी रांग भाजल्यासारखी झाली. दोर दातांत धरून तो एका हाताने विहिरीचं पाणी ओढायचा, ओतायचा. उपयोग झाला नाही.

शिमग्याला शेट आला. बाबली म्हणाला, "माका वाटला, माडाक चलता ता हेकाय चलतला." पाहुणे हसले. शेट हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून शिरोड्याचा शंकर रखवालदार झाला.

पावसाने मीठ धुऊन नेलं. जमिनीतले गड्डे जिवंतच होते. भाद्रपदात तीच कर्दळ अशी फुलली की वाटसरू थांबून शंकरचं कौतुक करू लागले. एकदा आम्ही तिघं तिथून जात होतो. हौसाबाई पाहतच राहिली. मी म्हटलं, "बाबल्या, शेटाक पत्र घालूया. गड्डे तुझे आसत."

तो बायकोचा हात धरून चालू लागला. दिवाळीआधी तो तापाने गेला. त्याच्या तोंडून मी शेवटचं ऐकलं ते त्याच वाटेवर, तो बायकोला म्हणाला ते:

"चल गो, थंय बघू नको. माझ्या हातान सुकली नि शंकराच्या हातान फुलली, लोक तेवढाच बघतले."