जर्मन विमानातली माझी नेमणूक

आता हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा. हा घोळ मी एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय घातलेला आहे.

मी बहारीनच्या विमानतळावर क्लार्क. पास, परमिट, हॉटेलं, गाड्या, सगळा कागदाचा कारभार माझा. मूळचा दापोलीचा, राहतो मुहर्रकला. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एका चिमुकल्या जर्मन कंपनीचं विमान आलं, वैमानिकांसकट भाड्याने. नाव नाही सांगत, त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

मला ती कंपनी भयंकर आवडली हो! एका छोट्या विमानावर सुरू झालेली. समुद्रातल्या बेटांवर टपाल न्यायचं, डॉक्टर न्यायचा. मालक स्वतः विमान चालवायचा आणि उतरल्यावर लोकांच्या बॅगाही उतरवायचा. बायको तिकिटं फाडायची. म्हणजे आपली दाभोळची फेरीबोटच की, पंख लावलेली! पुढे तीस सीटचं विमान घेतलं, धंद्यात दोनदा बुडता बुडता वाचले. हिवाळ्यात बेटांवर गिऱ्हाईक नसतं, म्हणून विमान इकडे.

हे सगळं मी नेटवर वाचून पाठ केलं आणि त्यांच्या कॅप्टनला रोज थोडं थोडं ऐकवलं. त्यांचाच इतिहास, त्यांनाच!

का विचारा ना. माझं काँट्रॅक्ट संपत आलं होतं आणि पुढचं विचारलं की आमचा मॅनेजर नुसतं "इंशाल्ला" म्हणायचा. ते कशा सुरात म्हटलं की काय समजायचं, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मला खरंच झोप लागत नव्हती.

एके दिवशी कॅप्टनने मला नखशिखान्त न्याहाळलं.

"पुढच्या गुरुवारी मोकळा आहेस?"

"आहे, सर."

"एअरपोर्ट पास?"

"आहे, सर."

"वजन?"

"ब्याण्णव किलो."

"परफेक्ट! आमच्याबरोबर चल. तासाभराची फेरी आहे."

घरी जाऊन रुखसानाला, म्हणजे आमच्या मिसेसना, सांगितलं. "इंटरव्ह्यूच आहे गं! विमानात घेतायत!"

"पण वजन कशाला विचारलंन?"

"मेडिकल असेल. जर्मन माणूस, सगळं आधी बघतो."

"आणि तुम्ही ब्याण्णव सांगून मोकळे झालात? एवढ्या देहाला कोण ठेवील नोकरीवर? आजपासून भाकरी बंद!"

भाकरी बंद, भात बंद. समोर हमूर माशाचं कालवण उकळतंय आणि मी काकडी चघळतोय. संध्याकाळी समुद्राच्या कडेने धापा टाकत फेऱ्या. चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, "अब्बा, यू लुक सिक." रुखसानाने तोवर दापोलीला फोन करून टाकला होता, "हे जर्मनीला निघालेत."

गुरुवारी सूट घालून, सर्टिफिकेटांची फाइल घेऊन हजर. कॅप्टनने मला थेट सामानाच्या काट्यावर उभं केलं. शहाऐंशी!

"सहा किलो कुठे गेले?"

"कमी केले सर, तुमच्यासाठी!"

मला वाटलं, पाठ थोपटेल. त्याने कपाळाला हात लावला आणि पाण्याच्या बाटल्यांचा एक खोका मागवला.

मला बसवलं शेवटच्या रांगेत. विमानात बाकी चिटपाखरू नाही. शेजारच्या सीटवर आमच्या लोडिंगच्या जॉन्सनने, वसईचा आहे तो, पाण्याचा खोका ठेवला आणि त्यालाही पट्टा बांधला.

"जॉन्सन, पाणी कुणाला रे?"

जॉन्सनला हसू आवरेना. "इक्बालभाई, आज नुसती टेस्ट फ्लाइट, आणि हे विमान रिकामं उडवलं की पुढून जड होतं. मागे वजन लागतं. वाळूच्या गोण्या ठेवायच्या होत्या, पण गोणीला आत आणायला परमिट लागतं. माणसाला पास चालतो."

"मग परमिट काढायचं ना!"

"अर्ज पंधरा दिवस तुमच्याच टेबलावर पडलाय."

त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं: मागचं वजन – इक्बाल, अधिक पाणी.

तासभर मी फाइल छातीशी धरून बसलो. बाथरूमलासुद्धा उठायचं नव्हतं, तोल गेला असता विमानाचा. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. उतरल्यावर आधी ऑफिसात माझ्या टेबलाशी गेलो, मग रुखसानाचा फोन घेतला.

"घेतलंन? कुठल्या पोस्टवर?"

"वाळूच्या गोणीच्या."

ती मग हळूच म्हणाली, "पर्मनंट आहे का?"

"नाही गं. गोण्यांच्या परमिटवर आत्ताच सही करून आलोय."