चोकच्या तारेचा चटका

मला राग आला की हात शिवशिवतात, आणि त्या दिवाळीत माहेरी पाऊल टाकताच राग आला. आमची जुनी पेट्रोल जीप माझ्या वडिलांनी, आबांनी, भंगारात काढली होती. विसरवाडीचं गिऱ्हाईक दुपारी ती ओढून न्यायला येणार, हे आईने चहाचा कप हातात देता देता सांगितलं. याच जीपवर मी तापीच्या वाळूत गाडी शिकले, चारही चाकांचा जोर लावून चिखलातून उसापर्यंत जायला शिकले. आणि वडील मला न विचारता तिला विकायला निघाले होते.

मी तणतणत ओट्यावर गेले. आबा शांतपणे म्हणाले, "तू सासरले गयी, मंग तिले कोण चालाडी?"

बिघाड शोधायला माझ्याकडे दुपारपर्यंतचा वेळ होता. दसऱ्यापासून गाडी सुरूच होत नव्हती. मेकॅनिकने बॅटरी, प्लग, कॉइल सगळं बदलून पाहिलं आणि शेवटी इंजिन संपलं म्हणून हात टेकले. ढकलली तर दोनदा ठसकायची आणि गप्प. दिसायला मात्र नव्या नवरीसारखी! दसऱ्याच्या पूजेसाठी आबांनी तिचा एकेक भाग सोडवून, चासीपासून बॉनेटपर्यंत स्वतःच्या हाताने हिरवीगार रंगवली होती.

ओढणी कमरेला खोचली, विहिरीच्या मोटारीसाठी ठेवलेला मीटर आणला आणि आबांना चावी फिरवायला बसवलं. ते कुरकुरले, पण बसले. चावी फिरली की नुसतं टक. हेडलाइट लावून पुन्हा फिरवायला सांगितली. स्टार्टर करंट ओढायला लागला की दिवे मंदावतात. इथे ते ढिम्म हलले नाहीत. मीटरवर बॅटरीही भरलेली. म्हणजे बॅटरीत करंट होता, पण तो स्टार्टरमधून वाहतच नव्हता. इथे माझा राग पळाला आणि अंगात वारं शिरलं. भूक नाही, तहान नाही. आईने जेवायला दोनदा हाक मारली, मी ओ सुद्धा दिली नाही.

बॅटरीकडून येणारी जाड वायर तपासली, ती ठणठणीत होती. मग दुसरं काही सुचेना म्हणून, थंड इंजिन सुरू करताना ओढतात तो चोक ओढून बघायचं ठरवलं. बॉनेटमध्ये वाकून मी चोकची तार धरली आणि आबांना चावी फिरवायला सांगितलं. तार इतकी तापली की मी हात झटकला.

"चटका बसना का?" आबा घाबरून खाली उतरले.

मी बोटं फुंकत हसत होते. थंड इंजिनात चोकची तार तापतेच कशी? करंटला बॅटरीतून निघून परत बॅटरीत यावं लागतं. इंजिनातून चासीत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यात, परतण्यासाठी तांब्याची जाड पट्टी असते. तिची वाट बंद, म्हणून मी ओढलेली तार पत्र्याला टेकताच तो या किडमिड्या तारेतून घुसला होता. मी सरळ गाडीखाली शिरले. पट्टी जागेवर होती, बोल्टही घट्ट होता. पण पट्टी आणि चासी यांच्यामध्ये हिरव्या रंगाचा जाड, गुळगुळीत थर होता, आणि रंगातून करंट जात नाही.

हे आबांना सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. पण आनंद पोटात मावेना, मी खालूनच बोलून टाकलं.

"म्हंजे मीच जीव लिधा व्हता तिन्हा," आबा म्हणाले, आणि पॉलिश पेपर घेऊन ते माझ्या शेजारी मातीत आडवे झाले. मला हातच लावू देईनात. लोखंड चकाकेपर्यंत त्यांनी स्वतःच दिलेला रंग घासून काढला. मी पट्टी पुन्हा आवळली.

चावी या वेळी मी फिरवली. जीप पहिल्या झटक्यात धडधडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं मला मुळीच वाटलं नाही. आई उलथनं हातात घेऊनच बाहेर आली.

तेवढ्यात गिऱ्हाईक दोर आणि ट्रॅक्टर घेऊन दारात हजर. चालू गाडी बघून त्याचे डोळे लकाकले. त्याने तिथल्या तिथे आबांना भाव वाढवून दिला. आबा वळसा घालून आले आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले.

"गाडी मन्ही नही, हिन्ही शे," ते त्याला म्हणाले. "हिले इचार."

त्याने मला विचारलं. मी नाही म्हणाले. इतक्या आनंदाने मी आजवर कुणालाच 'नाही' म्हटलेलं नाही.