सुईत उरलेलं

दुपारचं जेवण झालंय. डाव्या कुशीवर पडलोय. पंख्याची पाती वेगवेगळी दिसताहेत, म्हणजे मी अजून जागा आहे.

मग पंखा दिसत नाही, आणि बाल्कनीत शालन उभी आहे.

शालन माझी बायको. गेल्या वर्षी गेली. तिच्या हातचं एकच झाड उरलंय: टोपलीत टांगलेलं व्हँडा ऑर्किड. त्याच्या पानांची टोकं काळी पडत चाललीत. ते गेलं की घरात तिचं जिवंत असं काही उरणार नाही.

ती पान उलटं करून बघते.

"काय घालता हो याला?"

"तू घालायचीस तेच. दोनशे मिली पाण्यात पॉइंट टू मिली खत. सिरिंजने मोजून."

"मोजून?"

"डोळ्यांसमोर धरून. बुडबुडा काढून."

"मग जळतंय कसं?"

मी आवाज खाली आणतो. "वरचे दाभाडे. मी नाशिकला लेकीकडे गेलो की किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांचा गुलाब काही फुलत नाही."

"दाभाडे भावोजी? त्यांना कढीपत्ता आणि कडुनिंब वेगळा ओळखता येत नाही. ते काय विष घालणार!"

(संशय: ही शालनच कशावरून? शालनने दाभाड्यांची बाजू कधी घेतली नाही.)

बाल्कनी लांबत जाते. भिंतींवर काळ्या रेघा, आकडे. आम्ही सिरिंजच्या आत चालतोय. मागून दट्ट्याचं काळं रबर हळूहळू सरकत येतंय. तिला त्याचं काहीच वाटत नाही.

(संशय, पुन्हा: गेलेल्या माणसाला तरी का वाटावं?)

"शालन असशील, तर मला ठाऊक नसलेलं काहीतरी सांग."

"परीक्षा घेताय? माझी?" ती हसते. "बरं. खत घातल्यावर सिरिंजचं काय करता?"

आता आमचं स्वयंपाकघर आहे. ओट्यालाही रेघा आहेत.

"विसळतो."

"कशात?"

"त्याच पाण्यात. तूच शिकवलंस. मिक्सरचं भांडं विसळायचं, ते पाणी आमटीत. काही वाया घालवायचं नाही."

ती कपाळावर हात मारून घेते.

"अहो, ते वाटणाला! रेघेपर्यंत भरलंत, ढकललंत, माप संपलं. सुईत, टोकात अडकून राहतं ते त्या मापात धरलेलंच नसतं. मोठ्या मापाला चाललं असतं. इथे हिशेब थेंबांचा. उरलेलंही धुऊन घातलंत की जवळजवळ दीडपट होतं."

"म्हणजे मीच..."

"दर आठवड्याला. आणि नाव त्या बिचाऱ्या दाभाड्यांचं."

हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

(की दाभाडे सोयीचे होते?)

"आता काय करू?"

"मुळं धुऊन काढा. साधं पाणी, भरपूर. आजच. उद्यावर टाकाल, तर टोपली रिकामी."

"तू धू ना. तुझ्या हाताला यश आहे."

"माझा हात लागतो का आता कशाला!"

ती हात पुढे करते. रबर माझ्या पाठीला टेकतं.

पंखा.

मी उठतो. आधी दार बघतो. आतून कडी आहे. मग बाल्कनीत जातो.

व्हँडाची मुळं कोरडी असली की राखाडी दिसतात. पाणी प्यायली की हिरवी होतात.

सगळी हिरवी आहेत. टोपलीखाली पाण्याचं थारोळं साचलंय, आणि अजून ठिबकतंय.

मी सदऱ्याच्या बाह्या चाचपतो. तळवे उलटेसुलटे करून बघतो.

कोरडे.