गोळ्यांचं रिकामं पाकीट

राळेगावात डॉक्टर भगवानरावांच्या दवाखान्यात फुलचंद कंपाउंडर एकवीस वर्षं खिडकीशी बसला, आणि एवढ्या वर्षांत त्याने कोणावर विश्वास टाकला असेल तर तो भिंतीवरच्या घड्याळावर. तोही अधूनमधून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून. माणूस वाईट नव्हता. पण खोकत आलेल्याचा खोकला खरा की रजेच्या दाखल्यापुरता, हे आधी ठरवायचा आणि मग केसपेपर काढायचा.

नेहमीच्या गोळ्यांचं काम त्याच्याकडे होतं. ज्यांचं औषध ठरून गेलं होतं त्यांनी दर महिन्याला डॉक्टरांसमोर येऊन बसायची गरज नव्हती. गोळ्यांचं रिकामं पाकीट रुमालात बांधायचं आणि सकाळच्या एसटीत कंडक्टर रामसिंगच्या हाती द्यायचं. फुलचंद पाकीट पाहून तशीच नवी पाकिटं काढी, डॉक्टर चिठ्ठीवर सही करत, आणि दुपारच्या गाडीने रुमाल गावी परत जाई. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची यात मोठी सोय होती. नियम मात्र फुलचंदचा आणि पक्का. रिकामं पाकीट नाही, तर नवं नाही. लोक गोळ्या नेऊन करतात काय, हे कोणी पाहायला जातं का? म्हणून देताना प्रत्येक पाकिटावर तो बॉलपेनने तारीखही टाकी.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात बोरझरीहून पंचफुलाचा रुमाल आला. पंचफुला निंदायला, कापूस वेचायला जाणारी बाई. तिचा नवरा देवराव जिनिंगमध्ये हमाल होता, आता घरीच असे, त्याला रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. सून दीपमाला हिला मिरगीच्या. मुलगा राजदीप वणीकडे कोळशाच्या ट्रकवर.

फुलचंदने रुमाल सोडला आणि त्याची भुवई वर गेली. दीपमालाच्या तीन पाकिटांवरची तारीख फक्त बारा दिवसांपूर्वीची होती. तीस दिवसांच्या गोळ्या बारा दिवसांत? आणि पाकिटं करकरीत! रोजच्या वापरातलं पाकीट कसं असतं हे फुलचंदलाच विचारावं. दुमडलेलं, कोपरे गेलेलं, कुठे हळदीचं बोट, कुठे तंबाखूची भुकटी. ही तीन मात्र एका बैठकीत, एकाच अंगठ्याने फोडलेली दिसत होती. देवरावाची पाकिटंही सोबतच होती, पण तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

त्याने ती तीन पाकिटं बाजूला काढून ठेवली. ती वर्षंच तशी होती. कापसाचं गाडं बसलं होतं, आणि कुठल्या गावातून कोणी जीव दिल्याची बातमी येईल याचा नेम नव्हता. कृषी केंद्रवाला फवारणीचं औषध देताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघे. घरातला माणूस दोन दिवस गप्प राहिला तरी घर घाबरे. मिरगीची गोळी झोप आणणारी, आणि कोणीतरी ती साठवत होतं.

अशा वेळी सरळ डॉक्टरांना सांगावं की नाही? पण आधी गुन्हेगार पकडायचा आणि मग सांगायचं, ही फुलचंदची रीत. त्याने रामसिंगला बजावलं, "तिले म्हना, सोता ये. सुनेले घेऊन ये. तोवर गोळी नाई." मिरगीची गोळी एकाएकी तोडू नये हे त्याला ठाऊक होतं. पण बाई खरी असेल तर घरात गोळ्या आहेतच, असा त्याने हिशेब मांडला आणि स्वतःवरच खूश झाला.

आठ दिवस कोणी आलं नाही. संशयाला तेवढं पुरे. पहिले दोन दिवस त्याने दीपमालावर धरला. तरुण पोर, नवरा दूर, मनात काय असेल कोण जाणे. मग पंचफुलावर, की ही गोळ्या बाहेर विकते. नवव्या दिवशी रामसिंग तिकिटाची पेटी सावरत म्हणाला, "देवराव दिवसभर पडून राह्यते बाप्पा. बोलत नाई, चालत नाई. पंचफुलानं काम सोडलं. त्याच्याच उशाशी बसून राह्यते."

म्हणजे गोळ्या साठवणारा देवराव! दुसऱ्या दिवशी फुलचंदने सुट्टी टाकली. गाडी नाल्याच्या अलीकडेच थांबली, तो गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेला.

देवराव बाजेवर पडला होता, तोंड उघडं, डोळे अर्धवट. पंचफुला दारात अशी बसली होती की तिला ओलांडल्याशिवाय कोणाला बाहेर पडता येऊ नये. दोरी, विळा, रॉकेलची कॅन, सगळं शेजारी नेऊन ठेवलेलं. दीपमालाच्या कोपराला फडकं बांधलं होतं. सहा वर्षांत आली नव्हती ती मिरगी आठवड्यात दोनदा आली होती.

"जय भीम, भाऊ," पंचफुला उठली नाही. "मी कशी येऊ? याले सोडून जाता येत नाई. वीस दिवस झाले, असाच पडून राह्यते. मले भेव वाटते."

"गोळ्या कोठी हायेत?" फुलचंदने विचारलं.

तिने सुनेला खूण केली. दीपमालाने पेटीतून स्टीलचा डबा काढून दिला. आत पांढऱ्या, गोल, सारख्याच गोळ्या. मूठ-दीड मूठ.

"ह्या कोनाच्या?"

"दोघाईच्या. पयले वेगळ्या कागदात होत्या. पानी गळलं, कागद भिजले, मंग एका डब्यात टाकल्या. अंदाजानं देऊन राह्यली."

"पन पाकिटातून कायले काढल्या?"

पंचफुला त्याच्याकडे पाहतच राहिली. "तुमीच तं म्हनता, खाली पाकिट आना, तवाच नवं. नाला भरला का महिना महिना गाडी येत नाई. म्हून गोळ्या आल्या तशाच काढून ठुल्या अन् गाडी आली तशी पाकिटं पाठोली. पावसाळ्याच्या बेगमीले."

फुलचंदने गोळ्या तळहातावर ओतल्या. एक उचलली, दुसरी उचलली, दारातल्या उजेडात धरली. पाकिटाशिवाय आपल्याला गोळी ओळखता येत नाही, हे त्याला एकवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मग त्याने बाजेकडे पाहिलं, दीपमालाच्या कोपरावरच्या फडक्याकडे पाहिलं. सुनेच्या वाटची झोप सासऱ्याला लागली होती, आणि सासऱ्याच्या गोळ्या खाऊन सून जमिनीवर पडत होती.

"बाई," तो म्हणाला, "याची झोप गोळीची हाय. दीपमालाची गोळी याच्या पोटात जाऊन राह्यली."

"म्हंजे याच्या मनात तसं काई नाई?"

"नाई."

पंचफुलाने पदर तोंडाशी धरला आणि ती मोठ्याने रडली. जीव भांड्यात पडल्यावरचं रडणं ते. डोळे पुसल्यावर ती म्हणाली, "वीस रात्री मी डोयाले डोया लावला नाई. तुमाले खाली पाकिटं दिसली भाऊ. रामसिंगजवळ एक सबूद सांगतला असता, का घरी कसं हाय, तं काय गेलं असतं?"

फुलचंदला फार लाज वाटली. त्याने डबा पिशवीत घातला, देवरावाला एका बाजूने आधार दिला आणि तिघांना नाल्यापलीकडे आणून गाडीत बसवलं. डॉक्टर त्याच्यावर एवढे भडकले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. गोळ्या बदलल्या, एक लाल, एक पांढरी. दहा-बारा दिवसांत देवराव उठून बसला आणि चहा पातळ झाला म्हणून बायकोवर खेकसला.

रिकाम्या पाकिटाचा नियम फुलचंदने स्वतःच मोडला. पुढल्या सोमवारी किसनसिंग नावाचा एक जण आपल्या मायच्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या न्यायला खिडकीशी आला. फुलचंदने पाकिटं काढली आणि जरा अडखळत विचारलं, "घरी सगळं बरं हाय ना?"

किसनसिंग एक पाऊल मागे सरला. "काहून इचारून राह्यले? गोळी बंद करता का?"

"नाई रे. सहज इचारलं."

"सहज? तुमी?" किसनसिंगने पाकिटं उचलली, एकेक उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, गोळ्या मोजल्या आणि मगच तो पायऱ्या उतरला.