शिवेपर्यंत नेलेला ढोल

त्या वर्षी देवीची साथ उल्हास नदीच्या काठाने वर सरकत होती. मी ठाण्याच्या एका साप्ताहिकाला बातम्या पुरवत असे. कल्याणकडच्या खेड्यांत देवी टोचायला एकच सरकारी डॉक्टर होते. त्यांना गावोगाव मदतीची माणसे हवी होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर फिरू लागलो.

टोचलेल्या मुलाच्या दंडावर आठव्या दिवशी फोड भरतो. त्यातली लस ताजी काढून पुढच्या मुलाला टोचायची. उशीर झाला की फोड सुकतो आणि साखळी तुटते. म्हणून आम्ही प्रत्येक आळीत चार-पाच घरांची टोळी बांधली. मुलांची यादी ठेवायची, टोचलेल्या मुलावर लक्ष ठेवायचे आणि आठव्या दिवशी त्याला पुढच्या गावी पोचवायचे, हे तिचे काम. शहाडपलीकडच्या एका गावी टोळीची मुख्य तिथली म्हातारी सुईण होती.

तिथून पुढच्या गावात साथ शिरली होती. पाटलांच्या घरातच थोरला नातू दगावला होता. त्याच्या आईजवळ आता चार महिन्यांची मुलगी तेवढी उरली होती. ‘लस लवकर आणा,’ असा तिचा निरोप सुईणीकडे आला होता.

आठव्या दिवशी सकाळी टोळी निघाली. टोचलेल्या मुलाला हार घातला होता. पुढे ढोल, हातात कडुनिंबाच्या डहाळ्या, टोपलीत दहीभात. मी वहीत लिहिले : ‘उत्साह चांगला.’ गावातली देवी शिवेपार घालवताना हेच सगळे नेतात, हे मला ठाऊक नव्हते. डॉक्टरांनाही नव्हते.

शिवेच्या दगडापलीकडे माणसे काठ्या घेऊन उभी होती.

“तुमची पिडा आमच्या दारात सोडाय आलात काय?” पाटील म्हणाले.

“पिडा नाय पाटील, औषध हाय,” सुईण म्हणाली.

“औषधाला ढोल कशाला गं म्हातारे? डागतराचं लगीन हाय का?”

पलीकडची माणसे हसली. डॉक्टरांनी सरकारी हुकूम वाचून दाखवला. तो ऐकून उरलेले हसणेही थांबले आणि काठ्या आडव्या झाल्या. दुपार होत आली. डॉक्टर फोड पाहून मला हळूच म्हणाले, “संध्याकाळी याचा उपयोग नाही.”

तेवढ्यात घोळक्यामागून पाटलांची सून आली. मुलगी कडेवर होती.

“घरी जा,” पाटील म्हणाले.

“एक दिला, मामंजी. ही नाय देनार.”

ती चालत राहिली. सुनेच्या अंगाला हात लावून तिला अडवणे पाटलांना शक्य नव्हते आणि त्यांच्यादेखत दुसरा कोणी पुढे होईना. ती दगड ओलांडून आमच्या बाजूला आली. सुईणीने टोपली, डहाळ्या आणि ढोल मागे धाडून दिले. जवळच्या एका आंब्याखाली डॉक्टरांनी मुलीला टोचले.

“आता हिच्या अंगात तुमची देवी. हिला कुठं ठेवू?” पाटलांनी विचारले.

“नात तुमची, देवी बी तुमचीच झाली,” सुईण म्हणाली. “घरच्या देवीला शिवेवर कोन अडवतो?”

सून मुलीला घेऊन काठ्यांमधून परत गेली.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. लस कुणी पोचवायची नाही. ज्या गावाला हवी, तिथल्या आईने मूल घेऊन न्यायला यायचे.

आठ दिवसांनी डॉक्टरांबरोबर मी त्या गावी गेलो. पाटलांच्या ओटीवर गावातल्या आणि पुढच्या गावांहून आलेल्या बायका मुले घेऊन बसल्या होत्या. पाटील दारात होते.

“ढोल नाय ना आणलात?” ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मुलीच्या दंडावर फोड चांगला भरला होता. डॉक्टरांनी सुई हातात घेतली, तशी सुनेने तो दंड पदराखाली घेतला.

“सगळ्यांना दिल्यावर हिच्यापुरती उरंल ना?”

“उरेल,” डॉक्टर म्हणाले.

तिने ओटीवरच्या मुलांकडे एकदा पाहिले आणि मुलीचा दंड पुढे केला.