तीनशे मुलांचा एकच अभिप्राय

छावणीजवळच्या एका खाजगी कॉलेजात मुनीब सर कॉम्प्युटर शिकवायचे. इंग्रजीचा धसका घेतलेल्या पोरांसाठी त्यांनी इंटरनेटवर फुकट मिळणारी एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घेऊन छोटासा प्रोग्राम लिहिला होता. त्यात इंग्रजी वाक्य टाकलं की तेच म्हणणं तो निरनिराळ्या शब्दांत मांडून दाखवायचा. पोरं त्यावर सराव करायची. सरांना त्याचं भारी कौतुक होतं, प्राचार्यांची नजर त्यावर पडेपर्यंत.

तपासणी समिती येणार होती आणि प्राचार्य राजेंद्र सरांना तीनशे विद्यार्थ्यांचे इंग्रजी अभिप्राय हवे होते. "एक गोडसा अभिप्राय टाका अन् काढा त्याचे तीनशे," सुपारी चघळत ते म्हणाले. "पोरांना कशाला तरास?"

मुनीब सरांना शिसारी आली. वैजापूरहून एसटीनं येणाऱ्या प्रेरणानं आपला अभिप्राय त्यांच्याकडं आधीच लिहून दिला होता, पहिल्यांदाच स्वतःच्या इंग्रजीत. त्यात होतं: मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नाही. समिती येईस्तोवर फरशा चकचकीत राहाव्यात, एवढ्यासाठी ते कुलूप. आणि पोरी बिचाऱ्या पोट आवळून वर्गात बसायच्या.

सरांनी तो कागद पुढं केला. प्राचार्य वाचून हसले. "समिती जाऊ द्या, मग बघू. हे घेऊ नका त्यात."

या माणसाला स्वतःच्या दोन मुली आहेत हे आठवून सरांना त्याच्या तोंडाकडं बघवेना. ते उठून कॉम्प्युटरकडं गेले. प्रोग्राममध्ये त्यांनी एकच अभिप्राय टाकला, प्रेरणाचा. तीनशे तऱ्हांनी ते कुलूप कागदावर उतरलं. जाडजूड फाइलवर प्राचार्यांनी न वाचताच सही ठोकली.

समिती आली, फेटे बांधून घेतले, जेवली. अध्यक्षांनी फाइलची पानं अंगठ्यानं फरकन उडवली आणि म्हणाले, "मुलांची भाषा समृद्ध आहे हं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समितीतल्या मॅडमसाठी कुलूप उघडलं गेलं. फरशांची तारीफ झाली आणि कुलूप पुन्हा लागलं.

व्हरांड्यात प्रेरणा उभी होती. "सर, वाचलं का त्यांनी?"

"नाय वाचलं, बेटा," सर म्हणाले. बागेच्या कडेला चुन्यानं नुकत्याच रंगवलेल्या विटा रोवल्या होत्या. त्यातली एक उपटून ते स्वच्छतागृहाकडं चालू लागले.