साहेबांच्या पोळ्या

जेवणाच्या सुट्टीची गर्दी खिडकीशी आली आणि साहेबांची पहिलीच पोळी तव्यावर फाटली.

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये रेखा पोळ्या लाटते, मी भाजते. रेखा बाहेरून बी.ए. करत होती. त्या दुपारी तिचा शेवटचा पेपर होता आणि बदली बाई ऐन वेळी आलीच नाही. रेखा डोळे पुसत पीठ मळत होती. "पुढच्या वर्षी दे," असं मीच तिला सांगितलं होतं. मॅनेजर साहेबांनी मात्र तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"तू नीघ. गेटवर रिक्षा थांबवलीय."

आणि स्वतः पोळपाटाशी बसले. दुसरी पोळी आली.

"साहेब, हा कुठला जिल्हा?"

"मावशी, तुम्ही भाजा. नकाशाचं मी बघतो."

खिडकीतून कामगार ओरडत होते. साहेबांच्या शर्टभर पीठ झालं, पण ते उठले नाहीत.

शिक म्हणणारे पुष्कळ असतात. मला चौथीनंतर शाळेतून काढू नका, असं सांगायला मास्तर घरी आले होते. पण धाकट्या भावाला सांभाळायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मास्तर चहा पिऊन गेले, मी घरी बसले. त्यांचा दोष नाही. पण शिकणारीच्या कामावर दुसऱ्या कुणाला तरी बसावं लागतं, हे मला साहेबांच्या वाकड्या पोळ्या भाजताना कळलं.

रेखा पास झाली. त्या वातड पोळ्या खाऊन कामगारही जगले, आणि त्यांच्या शिव्या खाऊन साहेबही.